बिनधुराचा कोळसा

यंदा थंडी उशिरा आली. मार्गशीर्ष सरत आला तरी आम्ही अलिबागकर घामच पुसत होतो, आणि मग एकाएकी उत्तरेचा वारा सुटला. दोन दिवसांत बाजारात कानटोप्या दिसायला लागल्या, शाळेत पोरं पहिल्या तासाला बाकांवर हात चोळत बसायला लागली आणि संध्याकाळी शेतांकडून पोपटीचा वास यायला लागला. आमच्या कुलाबा जिल्ह्यात पोपटी कुणाला समजावून सांगावी लागत नाही. मडक्यात वालाच्या शेंगा, मीठ, ओवा आणि भांबुर्डीचा पाला भरायचा, मडकं शेतात उपडं घालायचं, वरून पेंढा आणि झावळ्या रचून पेटवून द्यायचं आणि भोवती बसून वाट पाहायची. मला लहानपणी पोपटीचं फार वेड होतं. गेली चौदा वर्षं मात्र मी एकाही पोपटीला गेलेले नाही. कुणी बोलावलंच तर दाढ दुखते म्हणून सांगते. इतकी वर्षं एकच दाढ कशी दुखते हे आजवर कुणी विचारलेलं नाही.

खरं कारण असं, की थंडी, ओवा आणि निखारे हे तिन्ही एका जागी आले की मला नागावच्या वाडीत उभी असलेली दादाची गाडी दिसते. त्या गाडीत जे घडलं त्यातली एक गोष्ट मला ठाऊक होती आणि माझ्या वहिनीला ठाऊक नव्हती. ती तिला सांगायला हवी होती. दर थंडीत वाटायचं, यंदा सांगू, आणि थंडी निघून जायची. अखेर गेल्या रविवारी सांगितली. तेव्हापासून मला दुसरं काही सुचत नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे.

गाडीची गोष्ट आधी सांगते. देश स्वतंत्र होऊन पाच-सहा वर्षं झाली होती. लढाईतल्या जुन्या लष्करी गाड्या तेव्हा लिलावात निघत, त्यातली एक बंद टपाची गाडी दादाने घेतली. दादा म्हणजे माझा सख्खा थोरला भाऊ. आम्ही मूळचे पालीचे, आईवडील लवकर गेलेले, काकांच्या आधाराने वाढलेलो. दादाला एका कंपनीचे रॉकेलचे स्टोव्ह आणि कंदील गावोगाव दाखवून विकायचं काम मिळालं होतं. गावी खोली घ्यायची, महिन्यातले पंचवीस दिवस बाहेर काढायचे आणि बायकोने एकटीने भिंतींकडे बघत बसायचं, हे त्याला नको होतं. म्हणून त्याने गाडीतच संसार थाटला. आत एका अंगाला लाकडी बाज ठोकली, समोर फळ्या मारून डबे ठेवायची सोय केली, मागच्या दाराला उतरायची पायरी केली. बाजेच्या उशाशी एक लहानशी सरकती काच होती, तेवढीच वहिनीची खिडकी. वहिनीने तिला जुन्या पातळाचा पडदा शिवला. गावातली पोरं गाडीला डबा म्हणत आणि वहिनीला डब्यातली बाई. वहिनीला याचा राग येत नसे. ती मामाकडे वाढलेली, आयुष्यभर दुसऱ्याच्या घरात आवाज न करता वावरलेली. 'डबा का होईना, माझा आहे,' असं ती म्हणायची.

दादाचं जळणाचं शास्त्र फार कडक होतं. पेट्रोल कधीही आत ठेवायचं नाही, त्याचा लष्करी कॅन बाहेर पायरीशेजारी टांगलेला. रॉकेलचा डबा आत, पण बाजेपासून दूर, आणि त्याला निळी चिंधी बांधलेली, म्हणजे अंधारातही चूक व्हायला नको. स्टोव्ह पायरीवर बसूनच पेटवायचा, दार उघडं ठेवून. स्पिरिट किती ओतायचं, पंप किती मारायचा, पिन कधी घालायची, हे वहिनीला त्याने पहिल्या महिन्यात इतकं घोकवलं की ती झोपेतही सांगू शकली असती. जळण जपून वापरायचं हे तर होतंच. कार्ले खिंडीच्या उतारावर तो इंजिन बंद करून गाडी नुसती सोडून द्यायचा आणि खाली पोहोचल्यावर परीक्षेत पहिला आल्यासारखा आमच्याकडे बघायचा. सकाळचा चहा, एक वेळचा भात-आमटी आणि रात्री तासभर कंदील एवढ्यात रॉकेलची बाटली पुरवायची, हा वहिनीचा हिशेब. गावात गाडी लागली की बायका जमत, वहिनी पायरीवर बसून स्टोव्हवर पोहे करून दाखवी आणि म्हणे, बघा, भांडं काळं होत नाही, डोळे चुरचुरत नाहीत. तिच्या पोह्यांवरच निम्मे स्टोव्ह खपत असावेत असं मला वाटतं.

जे पेटतं, भडकतं, वास मारतं, त्या सगळ्याला दादा घाबरून असे आणि ते योग्यच होतं. निखाऱ्यांना मात्र तो घाबरला नाही. आम्ही कुणीच घाबरलो नाही. निखारे म्हणजे आमच्या लेखी विस्तवातला सगळ्यात शहाणा, म्हातारा झालेला विस्तव. तो भडकत नाही, उडत नाही, नुसता बसून ऊब देतो.

वहिनीचे दिवस भरत आले तेव्हा गाडी नागावला होती. दादाच्या ओळखीच्या एका वाडीवाल्यांनी त्यांच्या नारळी-पोफळींच्या कडेला जागा दिली होती. मला पालीहून बोलावून घेतलं. मी एकोणीस वर्षांची, फायनल पास होऊन मास्तरणीच्या ट्रेनिंगच्या नंबराची वाट बघत घरी बसलेली, आणि आपल्याला सगळं येतं या भ्रमात. वाडीवाल्या काकू फार भल्या. त्यांनी आपली पडवी रिकामी करून देऊ केली. वहिनी नको म्हणाली. काकूंना वाटलं, संकोच आहे. त्यांनी पुन्हा पुन्हा म्हटलं, तेव्हा वहिनीने मला बाजूला घेऊन सांगितलं, की माझं मूल मला माझ्या घरात जन्माला घालायचं आहे. मी जन्मभर लोकांच्या पडव्यांत निजले, त्याने तरी निजू नये. मला ते पटलं. मी काकूंना समजावलं आणि दादाला वहिनीच्या बाजूने वळवलं. हे मी लपवत नाही.

त्या हिवाळ्याची सकाळ मला अजून जशीच्या तशी आठवते. पाटाचं पाणी वाडीतून खळखळत जायचं, रहाटाची कुरकुर सूर्याआधी सुरू व्हायची, सुरूच्या बनाच्या पलीकडे समुद्र असायचा पण धुक्यात दिसायचा नाही. काकूंकडे पांढऱ्या कांद्याची रोपं लावायची गडबड. सुपारीची सोलं, नारळाची सोडणं, वाळत टाकलेलं सुकट, सगळ्यांचा मिळून एक वास. त्या वासात आमच्या गाडीतून बाळंतशोपेचा आणि ओव्याचा वास मिसळला तो एका मंगळवारी पहाटे. मुलगा झाला. कोळीवाड्यातली सुईण चांगूबाय हिने त्याला उलटा धरून पाठीवर चापट मारली तेव्हा तो रडायच्या आधी शिंकला. दादा बाहेर नारळाला टेकून उभा होता. शिंक ऐकून तो हसायला लागला आणि मग रडायला लागला. मी त्याला तसा त्याआधी कधी पाहिला नव्हता.

चांगूबाय रोज सकाळी यायची. आई आणि मुलाला तेल लावून, कढत पाण्याने न्हाऊ घालून, घट्ट गुंडाळून बाजेवर घालायची. मग शेक. बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवायची, वर चिमूटभर ओवा आणि वावडिंग टाकायचं, आणि दोघांना गाढ झोपू द्यायचं. माझ्या आईचं असंच झालं, तिच्या आईचं असंच. दादाने भाबडेपणाने विचारलं, की शेगडीऐवजी स्टोव्ह मंद करून ठेवला तर? चांगूबायने त्याला झटकून टाकलं. रॉकेलचा वास ओल्या बाळंतिणीला? शहाणा हायेस का? तिने मला कोळशाबद्दल मात्र बजावलं. लाकडं नको, गोवऱ्या नको, बाळाच्या डोळ्यांत धूर जाईल. चांगला, पक्का, बिनधुराचा कोळसा हवा. मी तो शोधून आणला. डोंगरातल्या कातकऱ्यांनी पाडलेला, खणखणीत वाजणारा, कुठे म्हणून अर्धं कच्चं लाकूड नसलेला. बाहेर चुलीवर तो लालबुंद फुलवायचा, शेवटची निळी ज्योत विझली, धुराची रेषही उरली नाही की मगच आत न्यायचा. इतकं निगुतीने मी आयुष्यात दुसरं काही केलेलं नाही.

आठ दिवस सगळं सुरळीत गेलं. गाडीच्या मागच्या दाराला खाली चांगली बोटभर फट होती आणि मी सारखी आतबाहेर करत असायचे. नवव्या दिवशी उत्तरेचा वारा सुटला. त्या फटीतून तो असा आत घुसायचा की बाळाच्या टोपड्याची झालर हलायची. वहिनी घाबरली. दादाने कामाला जायचं सोडलं आणि दिवसभर खपून गाडी बंद केली. त्याचा जुना लष्करी कोट फाडून त्याने पट्ट्या काढल्या, दाराच्या चारी कडांना बारीक चुकांनी ठोकल्या, पत्र्याच्या सांध्यांत काचा बसवायला वापरतात ती लांबी भरली. शेवटी त्याने उदबत्ती पेटवली आणि सगळ्या कडांवरून हळूहळू फिरवली. धुराची रेघ सरळ वर जात राहिली, कुठे म्हणून थरथरली नाही. त्याने आम्हाला बोलावून ती सरळ रेघ दाखवली. आता फुंकर आत यायची नाही, म्हणाला. वहिनीने बाळाला उचलून त्याला त्याच्या बापाची कारागिरी दाखवली.

दुसऱ्या दिवशी, दहाव्या दिवशी, सकाळी न्हाणं झालं. चांगूबाय आपल्या घरी गेली. थंडी होती म्हणून मी शेगडीत रोजच्यापेक्षा थोडे जास्त निखारे घातले, ओवा टाकला, दार लावून घेतलं. वहिनी अर्धवट झोपेत होती. बाळ तिच्या कुशीत, दाराच्या बाजूला. दादा सायकलने अलिबागेला रॉकेल आणायला गेला होता. मी पाटावर लंगोट धुतले, वाळत घातले, मग काकूंच्या अंगणात बसून वाल सोलले. दोन दिवसांनी बारसं होतं. नाव ठरलं होतं, पण वहिनी सांगत नव्हती. काकूंशी मी त्यावरून गप्पा मारत होते, अंदाज करत होते. आतून एकदाही रडण्याचा आवाज आला नाही, म्हणून मला बरं वाटत होतं. मी काकूंना म्हणालेसुद्धा, की आज दोघं किती छान झोपलीत.

आळिवाची खीर तयार झाली तेव्हा मी दार उघडलं. वहिनी बाजेच्या कडेवरून डोकं खाली टाकून पडली होती, ओकली होती. डोकं फुटतंय, एवढंच पुटपुटत होती. बाळ मात्र शांत होतं. त्याचे गाल इतके गुलाबी झाले होते, की त्याच्या दहा दिवसांत तो इतका देखणा कधी दिसला नव्हता. मी आधी वहिनीला सावरलं, तिला पाणी दिलं. बाळ झोपलंय, झोपू दे, असं मला वाटलं. मग मी त्याला उचललं.

काकूंनी गडी धाडून चांगूबायला परत बोलावलं. तिने पोराला पाहिलं, वहिनीला पाहिलं आणि मग तिची नजर बाजेच्या उशाशी गेली. ती सरकती काच चार बोटं उघडी होती. चांगूबाय बसकण मारून खाली बसली.

"खिरकी कोनी उघरली गो? पोराला वारा लागला. आयलाबी लागला."

वहिनीने ती उघडली होती. शेक सुरू असताना तिचा जीव घुसमटला, म्हणून तिने झोपेतच हात वर करून काच थोडी सरकवली होती. तिने ते लगेच कबूल केलं. मग ती जे रडायला लागली ते दादा येईपर्यंत थांबली नाही. दादा आला, सायकल तशीच आडवी टाकून आत गेला. दुपारी त्याने आणि वाडीवाल्यांनी मिळून सुरूच्या बनामागे खड्डा खणला. नाव न ठेवलेलं मूल, त्याला काय म्हणून हाक मारावी हेही कुणाला कळत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मी पाहिलं, दादा गाडीशी एकटा बसून पट्ट्या उचकटत होता. एकेक चूक उपटून डब्यात टाकायची, सांध्यांतली लांबी स्क्रू-ड्रायव्हरने खरवडून काढायची. मी विचारलं, हे कशाला? तो म्हणाला, आता लागत नाही. माझ्याकडे न बघता म्हणाला. पुढच्या महिन्यात त्याने गाडी विकली आणि अलिबागेत एक खोली भाड्याने घेतली. आज मला वाटतं, की त्याला त्याच दिवशी उमगलं होतं. आम्ही दोघं यावर कधी बोललो नाही.

मला उमगायला पुढची थंडी यावी लागली. ट्रेनिंगला आम्हाला आरोग्याचा तास असे. मास्तर तसे कंटाळवाणे, फळ्याकडे तोंड करून शिकवणारे. त्या दिवशी ते म्हणाले, की बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपू नये. त्यातून एक वायू निघतो, त्याला रंग नाही, वास नाही, धूर नाही, म्हणून माणूस फसतो. आधी डोकं दुखतं, उलटी होते, गुंगी येते. कुडाच्या घरांना फटी असतात म्हणून आपल्याकडे माणसं वाचतात. आणि मग, हातावरचा खडू झटकत ते म्हणाले, की मेलेल्या माणसाची कातडी कधी कधी गुलाबी दिसते. मी ते शब्द वहीत उतरवून घेतले आणि खाली रेघ मारली. शेजारच्या मैत्रिणीला वाटलं, हे परीक्षेत येणार.

म्हणजे वारा लागला नव्हता. वारा हवा होता. वहिनीचं तोंड ज्या चार बोटांपाशी होतं त्या चार बोटांनी वहिनी जगली होती. चांगूबायने, काकूंनी, सगळ्या गावाने जी चूक तिच्या पदरात घातली ती चूक नव्हतीच, तेवढं एकच त्या दिवशी आमच्यापैकी कुणीतरी बरोबर केलं होतं. बाकी आम्ही सगळे प्रेमाने चुकलो होतो. दादाने फटी बुजवल्या, चांगूबायने बिनधुराचा कोळसा सांगितला आणि तो मी भरभरून घातला. मी लाकडं पेटवली असती तर धुराने खोकून खोकून त्यांनी दार तरी उघडलं असतं.

त्याच सुट्टीत मी वहिनीला हे सांगायला गेले. खरंच सांगायलाच गेले होते. ती दाराशी आली, माझा हात धरून आत घेऊन गेली आणि शेजारणीला माझी ओळख करून देताना म्हणाली, की ही माझी नणंद, पण हिने माझं बाळंतपण आईच्या मायेने केलं. मी शेजारणीला नमस्कार केला आणि चहाला बसले. मला माझीच भीती वाटली. तिचं ओझं उतरवायचं तर ते मला माझ्या आणि दादाच्या डोक्यावर घ्यावं लागणार होतं, आणि तेवढी ताकद माझ्यात नव्हती. याला लोक भित्रेपणा म्हणतात. मीही तेच म्हणते.

त्यानंतर वहिनीने खिडक्यांशी वैर धरलं. अलिबागेच्या त्या खोलीत थंडी पडली की ती खिडक्यांच्या फटींत कागदाचे बोळे कोंबायची, दाराला गोधडी लावायची. पाच वर्षांनी नीला झाली तेव्हा तर तिने दिवाळीपासून शिमग्यापर्यंत घरात वारा येऊ दिला नाही. नीला शाळेत येते ती कानटोपी, वरून मफलर, वरून आईच्या सूचना. पोरं तिला चिडवतात. मी तिच्याच शाळेत शिक्षिका, पण मी तिला मफलर काढ असं एकदाही म्हटलं नाही. तिच्या आईला रात्री-बेरात्री जाग येते आणि ती उठून खिडकीची कडी चाचपते, हे मला नीलानेच सांगितलं. पोरगी ते हसत सांगत होती. मी हसले नाही.

स्वयंपाक वहिनीचा अजून स्टोव्हवर होता, पण शेगडी तिने कधी घरात येऊ दिली नाही. तिला त्याचं कारण कधी कुणी विचारलं नाही. निखारे बघितले की तो दिवस आठवतो, एवढंच असावं.

आणि आता यंदा गॅस आला. गावात मोजक्याच घरी अशा टाक्या आल्या आहेत, मुंबईहून आणवाव्या लागतात. दादा अजून जळणाच्याच धंद्यात आहे, त्याला ओळखीतून एक मिळाली. गेल्या रविवारी टाकी बसवायला माणूस आला तेव्हा मी तिथेच होते. दादा त्याला घरी पोहोचवून परस्पर कामावर गेला होता. त्या माणसाने नळी जोडली, चावी कशी फिरवायची ते दाखवलं, निळी ज्योत लावून दाखवली. मग तो म्हणाला, की बाई, गॅस पेटता असताना ही खिडकी उघडी ठेवायची. आणि कुजक्या कोबीसारखा वास आला तर चावी बंद करून आधी बाहेर पडायचं. गॅसला मुळात वास नसतो, माणसाला कळावं म्हणून मुद्दाम मिसळतात. हे त्याने सहज सांगितलं. मी कणिक मळत होते, माझे हात थांबले. कुणीतरी बसून हा विचार केला होता, की माणसाला कळायला हवं.

तो गेला आणि वहिनीने उठून खिडकी लावली. बाहेर उत्तरेचा वारा होताच. दोन्ही झडपा, वरची कडी, खालची कडी, आणि वर कागदाचे बोळे. मग तिने गॅसवर दूध ठेवलं. नीला तिथेच जमिनीवर पाटी घेऊन बसली होती. ओटा एवढासा, खोली एवढीशी, आणि सगळं घट्ट बंद. मी म्हटलं, वहिनी, तो काय सांगून गेला? ती म्हणाली, त्याला काय जातंय सांगायला, त्याची पोर नाही इथे बसलेली. मी नीलाला म्हटलं, जा, बाहेर अंगणात जाऊन बस. तिला मफलर गुंडाळून देईपर्यंत वहिनी तिच्यामागे फिरत होती. पोर बाहेर गेली. मी गॅस बंद केला आणि वहिनीला पाटावर बसवलं.

सगळं सांगितलं. मास्तरांचा तास, वास नसलेला वायू, गुलाबी गाल, दादाच्या पट्ट्या, माझे जास्तीचे निखारे. काच उघडली म्हणून तुम्ही वाचलात, हे तीनदा सांगितलं, कारण मला वाटत होतं की तिला ते ऐकू येत नाहीये. ती पदराच्या टोकाने पाटाची कड पुसत होती. तेरा वर्षं मी ही गोष्ट दडवली हेही सांगितलं, आणि का दडवली तेही. तिने मला एका शब्दाने दोष दिला नाही. यांना ठाऊक आहे का, असं तिने विचारलं. मी म्हटलं, असावं, पण आम्ही कधी बोललो नाही. तिने मान हलवली. दादाचं न बोलणंही तिला ओळखीचं असावं.

मग ती उठली. बोळे काढले, वरची कडी, खालची कडी, आणि दोन्ही झडपा भिंतीला टेकेपर्यंत उघडल्या. थंडगार वारा आत आला, फडताळावरचे कागद उडाले. मला वाटलं, सुटली. इतक्या वर्षांनी का होईना, ही बाई सुटली. मी तिच्याजवळ गेले. ती बाहेर अंगणात बसलेल्या नीलाकडे बघत होती आणि उजव्या हाताची चार बोटं तिने डाव्या हातात घट्ट धरली होती.

"चारच बोटं उघडली होती मी, वन्सं," ती म्हणाली. "थंडी आत येईल म्हणून भीत भीत. पूर्ण उघडली असती, तर त्याच्यापर्यंत पोचली असती का हो हवा?"

मी शिक्षिका आहे. पोरांनी काही विचारलं की उत्तर द्यायची मला सवय आहे. गाडी केवढी होती ते मला माहीत आहे, निखारे किती होते ते माहीत आहे, बाळ कुठल्या बाजूला होतं तेही माहीत आहे. मी तिच्याशेजारी उभी राहिले आणि म्हटलं, की मला नाही माहीत, वहिनी.